भिकुबाईचा बोडक्या मानेचा कोंबडा

भिकुबाईला कोंबड्यांची फार हौस, असं गल्लीत कोणी म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. हौस कसली डोंबलाची! ती नवी नवरी होऊन या घरात आली तेव्हा अंगणात सासूच्या कोंबड्या होत्या. सासू गेली, कोंबड्या राहिल्या. जशी चूल तिच्या गळ्यात पडली, जसा कोनाड्यातला देव पडला, तशाच ह्याही पडल्या. सकाळी सोडायच्या, सांजेला खुराड्यात कोंडायच्या, कोणाच्या मेथीच्या वाफ्यात शिरल्या तर चार शिव्या ऐकून घ्यायच्या. यात हौस कुठे आली हे तिला आजवर कळलेलं नाही.

धुळ्याहून पांझरेच्या कडेकडेनं येणारी एस.टी. जिथे वळसा घेऊन परत फिरते, तिथलं हे गाव. भिकुबाईचं घर शेवटच्या गल्लीत. पुढे ओटा, ओट्याखाली अंगण, अंगणाच्या कडेला निंब. बाईचं वय साठीला टेकलेलं. दिवसा लोकांच्या शेतात निंदणी नाहीतर कापूस वेचणी, उरलेल्या वेळात घर. बोलणं कमीच. पण कोंबड्यांचा विषय निघाला, आणि त्यातही नराचा निघाला, की तिची जीभ सुटायची.

"कोंबड्या बठ्ठ्या सारख्या ऱ्हातस," ती म्हणायची, "पन एक कोंबडा दुसरासारखा निंघस नही."

आणि मग एकेकाचं पुराण. पहिला होता तांबडा. त्याचं वैर आरशाशी. थोरले दीर ज्ञानेश्वर, ज्यांना अख्खं गाव नाना म्हणतं, त्यांची मोटारसायकल दारात लागली की हा पठ्ठ्या हँडलवर चढून आरशातल्या कोंबड्याशी झुंजायचा. चोच रक्ताळली तरी मागे हटायचा नाही. शेवटी नानांनी दोन्ही आरशांना जुने पायमोजे चढवले. कित्येक वर्षं गावात नानांची गाडी त्या मोज्यांवरून ओळखू यायची. दुसरा होता तो लाइटीचा भक्त. संध्याकाळी गेलेली लाइट परत आली की खुराड्यातून बांग ठोकायचा, मग सूर्य मावळून कितीही वेळ झालेला असो. बायका टीव्ही लावायला त्याच्या बांगेची वाट बघायच्या.

तिसरा पक्का लबाड. आता दाणा सापडला की कोंबडा कुटकुट करून कोंबड्यांना बोलावतो, दाणा चोचीत उचलतो, त्यांच्यापुढे टाकतो आणि स्वतः खात नाही. ही त्यांची जातीचीच रीत. पण हा दाणा नसतानाही बोलवायचा. कोंबड्या पळत यायच्या, माती उकरून बघायच्या, आणि हा मधोमध मान ताठ करून उभा, पंगत ह्याच्याच घरची असल्यासारखा. भिकुबाईचा नवरा वना, त्यानं ह्या कोंबड्याचं नाव 'नाना' ठेवलं होतं. थोरल्या भावाच्या कानावर ते गेलं तेव्हा ते बरेच दिवस धाकट्याच्या ओट्यावर फिरकले नाहीत.

आणि एक होता गुणी. कोंबडी अंडं घालायला जागा शोधायला लागली की काळजी ह्याला. स्वतः टोपलीत जाऊन बसायचा, गोल फिरायचा, गवत चोचीनं सारखं करायचा, आतून घुर्र घुर्र आवाज काढायचा. म्हणजे, इथे घाल बाई, इथे बरं आहे. कोंबडी येऊन बसली की हा उठून बाहेर. भिकुबाईचा तो सगळ्यात लाडका. घरात लक्ष घालणारा बाप्या मी हा एकच पाहिला, असं ती वनाच्या देखत म्हणायची आणि वना विडी पेटवत हसायचा. पुढे ह्याच गुणी कोंबड्याच्या आठवणीनं तिला तोंडघशी पाडलं.

वना गवंडी होता. हात चांगला होता त्याचा, धुळ्यातले लोक नाव घेऊन बोलवायचे. देवपूरकडे एका बंगल्याचं प्लास्टर चाललं होतं. एका सकाळी त्याच्या हातातली थापी गळाली, ती उचलायला वाकला आणि वाकलेला तसाच उजव्या अंगावर कलंडला. लकवा. गावात फोन आला तेव्हा भिकुबाई अंगणात होती. गल्लीतल्या पोरी, सुना, शेजारणी धावत आल्या. नाना गाडी आणायला गेले. आणि भिकुबाईनं काय केलं, तर समोर फिरत होता तो कोंबडा धरला. काळा कुळकुळीत, मान बोडकी आणि लालभडक, त्याच पावसाळ्यात भरात आलेला. त्याला काखेत मारून ती गावाबाहेरच्या म्हसोबाकडे गेली, कोंबड्याच्या डोक्याला कुंकू लावलं आणि सगळ्या बायांच्या समोर मोठ्यानं बोलली. माझा माणूस आपल्या पायानं चालत घरी येऊ दे, हा कोंबडा तुझा.

नवस असा मोठ्यानं बोलायचा असतो, चार कानांवर गेला पाहिजे, ही रीतच आहे. पण चार कानांवर गेलेली गोष्ट नंतर चार तोंडांतून परत येते, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात येतं!

कोंबड्या शेजारच्या बेबाबाईच्या हवाली करून ती धुळ्याला गेली. दवाखाना, मग तिथेच दिलेल्या लेकीच्या, सविताच्या घरी मुक्काम, रोज व्यायामाला नेणं-आणणं. पावसाळ्याचा शेवट आणि नवरात्र तिकडेच गेलं. वनाचा जीव वाचला. बोलणं परत आलं, जड जिभेचं, एकेक शब्द ओढत आणलेलं. पण उजवा पाय काही हलेना. एक दिवस डॉक्टरांनी भिकुबाईला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं, "मावशी, तुम्हाला खरं सांगतो. हे बसतील, बोलतील, डाव्या हातानं जेवतील. चालण्याची आशा मात्र धरू नका."

भिकुबाईनं मान हलवली. बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं. हे वाक्य तिनं लेकीला सांगितलं नाही, दिराला सांगितलं नाही, आणि नवऱ्याला तर सांगायचा प्रश्नच नव्हता. तो खाटेवर पडल्या पडल्या दाराकडे बघत असायचा, आणि ती आत आली की त्याचा चेहरा उजळायचा. तिला वाटलं, ह्याच्याजवळ आता तेवढंच आहे. ते कसं काढून घ्यायचं?

दिवाळीच्या तोंडावर नानांच्या ओळखीच्या टेम्पोतून वना घरी आला. चौघांनी खाटेसकट उचलून ओट्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी बेबाबाई कोंबड्या घेऊन आली. मध्ये गावात मानमोडी येऊन गेली होती, ती पांढऱ्या हगवणीची, मान वाकडी करून मारणारी साथ. बेबाबाई म्हणाली, तुमची काळी बोडक्या मानेची कोंबडी त्यात गेली, दोन तांबड्या राहिल्या, आणि हा नवसाचा कोंबडा वाचला. शेपटाची लांब पिसं मांजरानं उपटली एवढंच. भिकुबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. काळा आहे, मान बोडकी आहे, तुरा लाल आहे. दुसऱ्या सकाळी त्यानं खुराड्यावर चढून बांग दिली. आवाज घोगरा आणि मध्येच तुटणारा होता, पण आजारातून उठलेल्या कोंबड्याचा असतोच. बांग देणाऱ्याला कोणी पुढे तपासत बसत नाही.

आणि तपासायला ती जागी होती कुठे! सकाळी उठून वनाचं सगळं करायचं. मग त्याचा डावा हात आपल्या मानेवर घेऊन त्याला उभं करायचं आणि ओट्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायचं. चालवायचं म्हणजे ओढायचं. गडी हाडापेरानं दणकट, ही मूठभर. "व्हई, व्हई, आज काल्हथून बरं शे," असं ती दम लागलेल्या आवाजात म्हणायची. तो ओठ दाबून डाव्या पायावर सगळा भार घ्यायचा. मग भाकरी, मग कोणाच्या तरी शेतात कापूस, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. तिची कंबर वाकली ती वाकलीच. जेवताना हातात घास घेऊन तिला डुलकी लागायची.

त्यात लोक. येणारा-जाणारा ओट्यापाशी थांबायचा आणि आधी वनाच्या पायाकडे बघायचा, मग कोंबड्याकडे. नवस बोललीस तो पायानं चालत येण्याचा, आणि माणूस आला खाटेवर. मग आता? गावात दोन तट पडले. एक म्हणे, म्हसोबाला त्याचं देणं देऊन टाक, तो चालता करील. दुसरा म्हणे, माणूस चालल्याशिवाय कोंबडा द्यायचा नाही, बोली तशी नव्हती. भिकुबाईला दोन्ही बाजूंनी भिंत. कोंबडा दिला आणि वना चालला नाही, तर लोक म्हणणार हिच्याच नवसात काहीतरी खोट होती. नाही दिला, तर म्हणणार हिनं देवाचं अडकवून ठेवलं म्हणून बिचारा खाटेवर कुजला. काही झालं तरी वनाचा पाय तिच्याच पदरात येऊन पडणार होता. तिला ह्या एका गोष्टीची फार भीती वाटायची. ती कष्टाला भीत नव्हती. पण इतकं ओढून वर हा ठपका नको, एवढंच तिचं मागणं होतं.

वना दिवसभर ओट्यावर पडून अंगण बघायचा. करायला दुसरं काही नव्हतंच. डाव्या हाताशी एक काठी, कावळा आला की ती आपटायची. कोंबड्या त्याच्या खाटेखाली येऊन सावलीला बसायच्या.

कोंबड्याचं वागणं तसं विचित्रच होतं. घार दिसली की तो ओरडायचा, कोंबड्यांना गोळा करायचा, पण त्यांच्याभोवती एक पंख खाली सोडून कोंबडे जो नाचतात तो नाच त्यानं कधी केला नाही. दुपारी तो टोपलीत जाऊन बराच वेळ बसायचा. भिकुबाईनं ते एकदा पाहिलं, आणि तिला तो जुना गुणी कोंबडा आठवला. त्याच्याच वळणावर गेला हा, जागा दाखवतोय कोंबड्यांना. एवढं म्हणून ती कामाला लागली. संक्रांतीनंतर तांबडी खुडूक बसली. भिकुबाईनं तिच्याखाली अंडी मांडली. दिवस भरले, उलटून गेले, एकही पिल्लू निघालं नाही. फोडून पाहिली तर सगळी वांझ. ह्या बाईनं आयुष्यभर कोंबड्या पाळल्या, दुसऱ्या कोणी येऊन हे सांगितलं असतं तर तिनं तिथल्या तिथे निदान केलं असतं. पण तिनं थंडीला दोष दिला आणि अंडी उकिरड्यावर टाकली. थकलेल्या माणसाला डोळे असून उपयोग नसतो.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली तसा नानांनी निकाल लावला. आखाजीनंतर त्यांच्या मुलाचं लग्न होतं.

"घरमा लगीन शे आन् म्हसोबानं देनं बाकी," ते ओट्यावर उभं राहून म्हणाले. "हाई बरं नही, सवितानी माय. येत्या ऐतवारले मी गाडी लई येस. वनाले बी लई जाऊ. देवना समोर उभा करू त्याले, मंग दखा तो चालस का नही!"

नाना मोठे, घरातले कर्ते. भिकुबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हो म्हटलं. मनातून तिला बरंच वाटलं. एकदाचं होऊन जाऊ दे. देव काही चालता करणार नाही हे तिला ठाऊक होतं, पण निदान ते लोकांचं बघणं संपेल. मग जे बोलायचं ते बोलतील आणि कंटाळतील.

नवसाचा कोंबडा आधी वेगळा ठेवायचा असतो. म्हणून ऐतवारच्या आधी दोन दिवस तिनं त्याला बांबूच्या डालग्याखाली झाकलं, बाजरी दिली, पाणी दिलं. ऐतवारी सकाळी त्याला हळदीच्या पाण्यानं आंघोळ घालायची होती. मग म्हसोबापुढे त्याच्या डोक्यावर पाणी शिंपडतात, आणि त्यानं अंग झाडलं म्हणजे देवानं मान घेतला असं धरतात.

उजाडल्यावर तिनं डालगं उचललं. कोंबडा उठून उभा राहिला, अंग फुलवलं, दोन पावलं बाजूला झाला. तो बसला होता तिथे मातीत एक अंडं होतं.

भिकुबाईनं ते उचललं. ऊन होतं अजून. डालग्याखाली हा एकटा, डालग्यावर दगड, आत दुसरं कोणी शिरणं शक्य नाही. ती तशीच उकिडवी बसली. मग तिनं त्याला धरलं, उलटं केलं, पंखाखाली पाहिलं, शेपटाकडे पाहिलं, पाय पाहिले. हे सगळं दिवाळीत पाहायला हवं होतं. नवसाच्या कोंबड्याच्याच उबवणीतली ती काळी कोंबडी, मानमोडीत गेली म्हणून सांगितलेली, ती तिच्या हातात होती.

ती बेबाबाईच्या दारात गेली आणि हात पुढे केला. अंडं बघून बेबाबाईचा चेहरा पडला.

"अक्का, मी तुमले कसं सांगू?" ती रडायलाच लागली. "मानमोडी उनी. आमना बठ्ठा कोंबडा मरी गयात, तुमना बी मरी गया. मना हातमाच मान टाकी त्यानी. तुमी दवाखानामा, भाऊनं काय व्हई कोनले माहीत नही. तवय कसं सांगू का नवसना कोंबडा मरी गया? आन् मंग हाई कोंबडी बांग दिवाले लागनी."

घरातले सगळे नर गेले की एखादी थोराड कोंबडी असं करते. पुढारपण घेते, तुरा वाढतो, बांग देते, घारीवर धावून जाते. गावात मात्र बांग देणारी कोंबडी अपशकुनी, ती घरात ठेवत नाहीत, त्याच दिवशी कापतात. बेबाबाईही कापायलाच निघाली होती. पण तिला वाटलं, नवसाचा कोंबडा गेला आणि ही बांग द्यायला लागली, म्हणजे ही म्हसोबानंच केलेली सोय. तिनं शेपटाची पिसं मांजराच्या नावावर घातली आणि गप्प राहिली.

"आते काय करानं, अक्का?" बेबाबाईनं डोळे पुसले, आणि लगेच तिला उपायही सुचला. "मना भाऊकडे काया कोंबडा शे. मान सोली टाकूत त्यानी. कोनले समजस?"

भिकुबाईला एवढ्या सगळ्यातही हसू आलं. जित्या कोंबड्याची मान सोलून म्हसोबाला फसवायला निघालेली ही बाई, आणि हिच्यावर रागवावं तर रागवायला लागणारं बळ तिच्यापाशी नव्हतं. "ऱ्हाऊ दे, बेबा," एवढं म्हणून ती परत फिरली.

ओट्यावर वना जागा होता. ती त्याच्या खाटेशी खाली बसली, पदरातलं अंडं काढून त्याच्या उशाशी ठेवलं आणि म्हणाली, "म्हसोबाना कोंबडानं घालं. कोंबडी शे ती."

वनानं अंड्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "माले माहीत शे," तो म्हणाला.

"कवयपासून?"

"दिवाईपासून." त्याला पुढचे शब्द गोळा करायला वेळ लागला. "दिनभर... मी तेच दखस ना. ती टोपलीमा... अंडं घालाले जास. कोंबड्या मांगे लागतस तिना, नाच करत नही ती."

"मंग सांगं काबर नही माले?" ती पहिल्यांदा चिडली. अंडी वांझ निघाली, लोक बोलले, ही रात्रंदिवस नवसाच्या काळजीनं वाळली, आणि हा बाप्या सगळं जाणून खाटेवर पडून होता!

वना वर बघत राहिला. "जवलोंग नवस बाकी शे," तो म्हणाला, "तवलोंग बठ्ठा म्हनतस... वना चाली. तू बी म्हनस. नवस फिटना का मंग..." तो थांबला. "मंग समजी जाई ना तुले. मी असाच."

  भिकुबाईनं एवढे महिने गिळलेलं वाक्य सरळ बाहेर काढलं. "माले बी माहीत शे. डाक्टरनी धुळामाच सांगं व्हतं. तुमी चालाव नहीत."

आता बघायची पाळी वनाची होती. "धुळामा? तवयपासून?"

"हा."

"मंग रोज... उभा काबर करस माले?"

"तुमी आशा लायीसन बठेल शेतस म्हनीसन!" तिचा आवाज चढला. "तुमनासाठे करस मी!"

"मी कोठे," वना म्हणाला. "मी तं तुनासाठे उभा ऱ्हास."

रोज सकाळ-संध्याकाळ, तिची कंबर मोडलेली, त्याचे ओठ दाबलेले, ओट्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोघांनी एकमेकांना ओढलं होतं. तिला रडू आलं, आणि ते तिनं आवरलं नाही. वनानं डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. तो हात तिला एवढा जड आधी कधी लागला नव्हता, पण तिनं तो काढला नाही.

तेवढ्यात दारात टेम्पो वाजला. नाना आले, धुतलेलं धोतर, टोपी, हातात नारळ आणि अगरबत्तीचा पुडा. "आरे, अजून तयारी नही? कोंबडा कोठे शे?" त्यांची नजर उशाशी गेली. "हाई काय?"

"अंडं," भिकुबाई म्हणाली. डोळे पुसायच्याही भानगडीत ती पडली नाही. "नवसना कोंबडानं घालं. कोंबडा मानमोडीमा मरी गया व्हता, नाना. हाई कोंबडी शे."

नाना अंड्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोक्यात सगळं जुळायला वेळ लागला, आणि जुळलं तसे ते कडाडले. "तरीच! तरीच मना भाऊ चालना नही! एवढा दिन तू देवले कोंबडी दखाडत बठनी, आन् हाऊ बिचारा..."

ज्या वाक्याला ती इतके महिने भीत होती ते असं नारळ हातात घेऊन समोर उभं राहिलं. तिला वाटलं होतं ते ऐकून आपण जमिनीत जाऊ. तिनं नुसती मान खाली घातली.

"नाना," वना म्हणाला.

जड जिभेनंच म्हणाला, पण एवढ्या मोठ्यानं तो लकव्यानंतर पहिल्यांदा बोलला. टेम्पोतले दोघं उतरून दारात आले होते, बेबाबाई कुडाच्या पलीकडे उभी होती.

"नाना, मी चालाव नही. डाक्टरनी सांगेल शे. हिले माहीत व्हतं... माले माहीत व्हतं. आते तुले बी माहीत व्हयनं. हिना नवसले... कोनी नाव ठेवानं नही."

नाना उभेच राहिले. मग नारळ त्यांनी ओट्यावर ठेवला, टोपी काढली आणि भावाच्या पायाशी बसले. गाव त्यांना भारी माणूस म्हणायचं, त्यांच्या शब्दापुढे कोणी जायचं नाही. ते बारीक आवाजात म्हणाले, "म्हंजे... कधीच नही?"

आणि तेव्हा भिकुबाईला कळलं की इतके दिवस ते जे नवस फेड, नवस फेड म्हणून मागे लागले होते, त्यात लग्नाची सबब होती फक्त. धाकटा भाऊ चालेल असं मनापासून वाटणारा सगळ्या घरात तो एकटाच माणूस राहिला होता. त्यांचे खांदे हलायला लागले. "मी तं गाडी बी सांगी ठेयी व्हती," ते म्हणाले. "म्हसोबाले काय सांगू आते?"

"त्याले आपलापेक्षा पहिले माहीत व्हई, नाना," भिकुबाई म्हणाली. तिला त्यांची कीव आली. आणि त्याबरोबर असा शीण आला की उठताना खांब धरावा लागला. नवरा झाला, शेजारीण झाली, आता थोरल्या दिराचीही समजूत तिनंच घालायची. दुसरं कोण घालणार? "बठा तुमी. मी चहा ठेवस," असं म्हणून ती आत निघाली.

"तू बठ," वना म्हणाला.

ती वळली.

"तू बठ. आज नाना ठेवी चहा."

टेम्पोवाले एकमेकांकडे बघायला लागले. नानांनी जन्मात चूल पेटवली नव्हती, पाण्याचा पेलासुद्धा त्यांच्या हातात आणून द्यावा लागायचा. त्यांनी भावाकडे पाहिलं, मग खांबाला टेकलेल्या भिकुबाईकडे पाहिलं. उपरण्यानं नाक पुसलं आणि उठले. उंबरठ्यात वाकून ते आत गेले.

भिकुबाई खाटेच्या पायाला पाठ लावून खाली बसली. आतून भांडी पडल्याचा आवाज आला. काडेपेटी सापडली वाटतं. मग डबे. एक उघडला, झाकला, दुसरा उघडला, झाकला.

"सवितानी माय," आतून नानांचा आवाज आला, "साखर कोठे ठेवस वं?"

भिकुबाईचे डोळे मिटले होते. तिनं ऐकलं, आणि काही सांगितलं नाही.